झोपेत खाल्लेला गूळ

पहिल्या स्वप्नात ती कालवा प्यायली.

पाथरीच्या अलीकडं, तिच्या गावाच्या शिवाराला खेटून जायकवाडीचा कालवा जातो, तो. वाकून नाही, ओंजळीनं नाही. काठावर पालथी पडली आणि पाणी आपणहून तोंडात येत राहिलं. त्याच्याबरोबर बाभळीची पिवळी फुलं, एक निळी चप्पल, कुणाच्या तरी म्हशीची सावली. कालवा आटला. तळाच्या गाळात मासे तडफडायला लागले. ती म्हणाली, आणखी.

जाग आली तेव्हा भर दुपार. होस्टेलची लाईट गेलेली, पंख्याची पाती थांबलेली, खिडकीवर टाकलेली ओली चादर वाळून कडक झालेली. जिभेवर कापसाचं बोंड फुटल्यासारखं काहीतरी, कोरडं, पांढरं.

अर्पिता उठली. माठातलं तांब्याभर पाणी प्यायली. मग आणखी एक तांब्या. मग बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावला आणि तळहाताएवढ्या यंत्रावर आकडा यायची वाट पाहिली.

आकडा आला. तिनं यंत्र पालथं ठेवलं.

*

एवढं माहीत असलं म्हणजे पुरे.

अर्पिताच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. आठवीत होती तेव्हा कळलं. तेव्हापासून जेवणाआधी ती पोटाला सुई टोचून बाहेरून इन्सुलिन घेते, आणि घेतलं नाही तर खाल्लेलं अन्न रक्तात साखर होऊन नुसतं फिरत राहतं, दार न सापडलेल्या पाहुण्यासारखं.

आणि हे. मागच्या वर्षी, परीक्षेच्या धांदलीत, तिनं सुया चुकवल्या आणि दवाखान्यात सलाईनवर पडली. तेव्हा दिनकरराव, म्हणजे तिचे वडील, ज्यांना ती अण्णा म्हणते, कॉटच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले होते, "पुन्हा सलाईन लागली की पेटी उचलायची. शेतकी शिकायला घरची शेती हाय."

म्हणून ती आकडा कुणाला सांगत नव्हती.

नाही, हे खरं नाही. सांगावाच लागायचा. गट होता ना.

*

बॅनरवरचं नाव ‘मधुमेह मित्र’. कॉलेजात त्याला सगळे साखर कारखाना म्हणतात.

परभणीच्या बाहेर, काळ्या रानाच्या मधोमध उभं असलेलं खाजगी शेतकी कॉलेज. तिथं हा गट योगिनीनं काढला, कारण तिच्या मामाचा पाय साखरेनं गेला होता. अथर्व आला, कारण त्याला नाटकात काम करायचं होतं आणि कॉलेजात दुसरं नाटक कुणी करत नव्हतं. सुगत आला, तो जिंतूरकडचा, बियाणे विभागात एम.एस्सी. करणारा. तो का आला ते त्यानं सांगितलं नाही, अर्पितानं विचारलं नाही, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

आठवडी बाजारात टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याची साखर तपासायची. मेसमध्ये भाताच्या जागी भाकरी आणायची आणि त्याबद्दल मुलांच्या शिव्या खायच्या. पोट सुटलेल्या प्राध्यापकांना सकाळी प्लॉटच्या बांधावरून चालवायचं. आणि अर्पिताची राखण.

राखण हा शब्द अथर्वचा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उठवायला माळ्यावर माणूस बसतो, तसं पाळीपाळीनं एकेकानं तिच्याकडं बघायचं. जेवली का. सुई घेतली का. आकडा काय.

"मी काय ज्वारी हाय का?" तिनं विचारलं होतं.

"ज्वारीला एवढा भाव कुठाय," अथर्व म्हणाला होता.

तेव्हा तिला बरं वाटलं. घरी तिचा आकडा ऐकून कधी कुणी विनोद केला नव्हता.

*

तालीम, लिंबाच्या झाडाखाली.

अथर्व, अंगावर बारदाना पांघरून: मी स्वादुपिंड.

योगिनी: मोठ्यानं. बाजारात ऐकू जायला पाहिजे.

अथर्व: मी स्वादुपिंड. लोकांच्या पोटात राहतो. भाडं देत न्हाई.

योगिनी: हे कुठं लिहिलंय?

अथर्व: लिहिलं न्हाई, पण खरं हाय की.

सुगत, हात गरगर फिरवत: मी इन्सुलिन. मी दारं उघडतो.

योगिनी: सुगतभाऊ, तुमी दार उघडायलात का पाखरं हाणायलात?

सुगत: आमच्याकडं दारं अशीच उघडतात.

मग सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि अर्पितानं पुढं यायचं. तिला एकच वाक्य. "मला मधुमेह आहे, आणि मी बघा कशी आहे."

बाजारात हे वाक्य आलं की बाया तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघायच्या. एकीनं तर पुढं येऊन तिचा गाल चिमटीत धरून पाहिला होता, वांगं घेताना पाहतात तसा.

*

उन्हाळा चढला आणि रेक्टर राजेश्री मॅडमचा फ्रीज जळाला.

अर्पिताचं औषध त्यात असायचं. नव्या बाटल्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून ती लिंबाखाली आली तेव्हा हवा तव्यावरच्यासारखी होती आणि झाडावरचे कावळे चोची उघड्या टाकून बसले होते.

अथर्वनं उद्यानविद्या विभागातला हौद सुचवला. विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू. त्यात भाजी गार राहते.

"वांग्याशेजारी?" योगिनी म्हणाली. "कुणीतरी भरीत करून खाईल."

"माझ्याकडं दे," सुगत म्हणाला. "लॅबला इन्व्हर्टर हाय. लाईट जातच न्हाई."

"गार राहील ना? झळ लागली की खराब होतंय ते."

"माझ्या बियाण्याला अजून लागली न्हाई."

त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला. तिनं दोन्ही हातांनी दिला. फडक्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

*

बियाणे विभागात एक आडवा, पांढरा डीप फ्रीझर आहे. त्यात ज्वारी झोपलेली असते. कुणी पेरणं सोडलेल्या जुन्या वाणांची ज्वारी, गावरान तूर, करडई, सेलूकडच्या एका म्हाताऱ्याच्या बांधावरून आणलेला कापूस. पुड्यांवर बर्फाची साय. सुगतच्या मते जगातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच. बाहेर दुष्काळ पडो, माणसं मरोत, आत दाणा वाट बघत राहतो.

त्या ज्वारीशेजारी त्यानं अर्पिताचा डबा ठेवला.

झोपलेलं बियाणं उठवायची एक रीत असते. पुडी बाहेर काढून लगेच उघडायची नाही, उघडली तर हवेतलं दव दाण्यावर बसतं. आदल्या दिवशी काढून बंदच ठेवायची. खोलीची आणि तिची ओळख होऊ द्यायची. मग उघडायची. सुगतनं इन्सुलिनच्या बाटलीची तीच रीत सांभाळली. अर्पिताची बाटली संपत आली की तो आदल्या संध्याकाळी नवी बाहेर काढून टेबलावर ठेवायचा, आणि सकाळी ओल्या रुमालात गुंडाळून लेडीज होस्टेलच्या फाटकापर्यंत आणून द्यायचा.

"झोपेतून उठलंय," तो म्हणायचा. "हळू घे."

बाटलीतलं पाणी स्वच्छ. त्याच्याकडं बघून काहीच कळलं नसतं.

*

मग स्वप्नं.

गुऱ्हाळ आहे आणि कढईत गूळ शिजतोय आणि कढई म्हणजे गावाची विहीर आहे आणि ती कठड्यावर बसून पाय आत सोडते, ऊन ऊन गूळ पायाच्या बोटांतून वर चढतो, पोटरीतून, मांडीतून, आणि कुणीतरी म्हणतं खा की आता, कोण बघायलंय, आणि ती हात बुडवते आणि खाते, हाताला तार धरते, तार लांब होते, पाथरीपासून परभणीपर्यंत, तिच्यावर चिमण्या बसतात, ती खाते, चिमण्यांसकट खाते, आणि

जाग. दुपार. तहान. सुई. आकडा.

कालच्यापेक्षा वर.

*

"आकडा?"

"सांगते."

"आकडा काय आला?"

"थोडा जास्ती हाय."

"काल पण थोडा जास्तीच म्हणालीस."

अथर्वनं मध्येच विचारलं, "सुई घेतली?"

"घेतली."

"माझ्यासमोर घे."

"योगिनी, तुझ्यासमोरच घेतली ना सकाळी."

"मग आकडा असा का?"

*

ती सुकायला लागली. कुर्त्याच्या बाह्या मोठ्या झाल्या. वर्गात खिडकीबाहेरचा नांगरलेला पट्टा लाटांसारखा हलायचा आणि सरांचा आवाज विहिरीच्या तळातून यायचा. जमिनीला भेगा पडल्या की त्यात हात घालून बघतात किती खोल आहे, तसं कुणीतरी आपल्यात हात घालून बघतंय असं तिला वाटायचं.

बाजाराच्या दिवशी नाटक झालं. ती पुढं आली. "मला मधुमेह आहे, आणि मी बघा कशी आहे."

बायांनी बघितलं. मागून एक जण म्हणाला, "बघायलोत की," आणि चार माणसं हसली.

परतताना टमटममध्ये सगळे दाटीवाटीनं बसले होते. योगिनी अर्पिताला चिकटून होती. एकदम तिनं मान वळवली.

"तुझ्या तोंडाला आंब्याचा वास यायलाय."

टमटम चालत राहिली. अथर्वनं बारदान्याची घडी मांडीवर घातली, मोडली, परत घातली.

"मी आंबा खाल्ला न्हाई," अर्पिता म्हणाली.

"मी कुठं म्हणाले खाल्लास. वास यायलाय म्हणाले."

"कारखान्यातच चोरी," अथर्व म्हणाला. मग त्यालाच ते आवडलं नाही. "गंमत केली गं."

सुगत समोर बसला होता. त्याच्याकडं तिनं पाहिलं. तो बाहेर बघत होता.

*

योगिनीनं अर्पिताची पेटी उघडली. विचारून उघडली. पेटीत, कपड्यांखाली, खडीसाखरेची पिशवी.

"रक्तातली साखर एकदम उतरली तर खायला ठेवलेली असती ही. तुला माहीत हाय. पत्रकावर तूच लिहिलंयस."

"निम्मी संपलीय."

"मागं एकदा चक्कर आली होती, तेव्हा."

"कधी?"

अर्पिताला आठवेना. मागं म्हणजे कधी. हिवाळ्यात? की काल? गुळाची तार अजून बोटांत होती. ती बोटं एकमेकांवर घासून पाहत राहिली, चिकट लागतात का.

"योगिनी," ती म्हणाली, "मी झोपेत उठते का गं?"

"म्हणजे?"

"मला स्वप्नं पडायलीत. खाण्याची. दुपारी डोळा लागला की मी खाते. जागी होते तर आकडा वाढलेला. तोंडाला वास तुलाच आला. मी खात असन. मलाच माहीत नसंल."

योगिनी पेटीजवळ गुडघ्यांवर बसलेली होती. रागावलेल्या माणसासमोर दुसऱ्यानं एकदम गुन्हा कबूल करावा, तशी ती गोंधळली. मग तिनं आपली ओढणी घेतली, एक टोक अर्पिताच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या.

"झोप," ती म्हणाली. "मी हाय इथं."

दोघी एका कॉटवर झोपल्या. भिंती गरम, उशी गरम. अर्पिता खूप खोल गेली. तिथं आंब्याची बाग होती. झाडांना आंब्यांच्या जागी बाटल्या लागलेल्या, छोट्या, काचेच्या, आणि खाली उभं राहून तोंड उघडलं की एकेक थेंब.

जाग आली तेव्हा ओढणीची गाठ तशीच होती.

आकडा यंत्रात मावला नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली, फार वर आहे एवढंच सांगणारी.

गाठ तिनं नीट पाहिली. आपण ती सोडली असणार, तिनं ठरवलं. आणि खाऊन आल्यावर परत तशीच बांधली असणार.

*

योगिनीनं दिनकररावांना फोन लावला. लावला कारण तिला रडायला येत होतं. मग फोन अर्पिताच्या कानाशी धरला.

"काय खाल्लंस?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा..."

"काय खाल्लंस ते सांग."

"गूळ," ती म्हणाली.

पलीकडं शेतातल्या मोटारीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"उद्या येतो," अण्णा म्हणाले. "पेटी भरून ठेव."

*

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी भरली. भरली म्हणजे कपडे उचलून आत टाकले. घडी घालायला हात वर होईनात. मग सुगतला सांगायला निघाली. जायच्या आधी सांगावं. काय सांगावं ते ठरलं नव्हतं. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि ते तिची चप्पल धरून ठेवत होतं, प्रत्येक पावलाला थोडा वेळ, जाऊ नको म्हणत.

लॅबचं दार ढकललं तेव्हा सुगत पांढऱ्या फ्रीझरवर वाकलेला. झाकण उघडं. आतून धुकं निघत होतं आणि फ्रीझरच्या काठावरून खाली फरशीवर सांडत होतं, दुधासारखं, सावकाश. तिला वाटलं, हे त्या स्वप्नांतलंच एक. तिनं पुढं होऊन त्या धुक्यात तोंड घातलं.

गार. डोळ्यांच्या पापण्यांना गार.

"अगं, काय करायलीस? बस. खुर्ची घे. तुझा चेहरा..."

"थांब की. बरं वाटायलंय."

आत पांढऱ्या पुड्या. वाणांची नावं. बर्फाची साय. आणि पुड्यांच्या मध्ये, उबेला ठेवल्यासारखा, तिचा डबा. वर सायीचा एक जाड थर.

तिनं डबा उचलला. बोटं चिकटली. उघडला. आतल्या बाटलीत पाणी नव्हतं. दगड होता, पांढरा.

"हे काय हाय?"

"तुझंच."

"गोठलंय."

"मग," सुगत म्हणाला. "गोठलं म्हणजे टिकलं."

तो हसत होता. आपण एखाद्याची फार जपून ठेवलेली वस्तू त्यालाच दाखवताना माणूस हसतो, तसा. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचं हसू हळूहळू उतरलं, एकेक पाय बघून टाकत.

"सुगत, गोठलं की मरतंय ते."

"दाणा मरत न्हाई."

"हा दाणा न्हाई."

"आधीच्या बाटल्या..." तो म्हणाला.

"इथंच होत्या?"

त्यानं मान हलवली. धुकं दोघांच्या पायांभोवती साचलं होतं. कुठंतरी इन्व्हर्टर गुणगुणत होता. सुगतनं फ्रीझरचं झाकण लावायला हात उचलला आणि हात तसाच हवेत राहिला, कारण आता ते लावून उपयोग काय आणि न लावून उपयोग काय.

आणि अर्पिता हसली. आधी नाकातून, मग पोटातून. खाली बसली, फरशीवर, धुक्यात, डबा मांडीवर घेऊन.

"म्हणजे मी खाल्लं न्हाई," ती म्हणाली.

"अर्पिता..."

"झोपेत पण न्हाई. मी काईच खाल्लं न्हाई, सुगत."

तिला इतकं हलकं वाटलं की हाताखालची फरशी नाहीशी झाली. मग तिला ओकारी आली, आणि मग लॅबचं छत बाजूला सरकून तिथं नुसतं पांढरं ऊन उरलं.

*

ऑटो. योगिनीची मांडी. अथर्वचा आवाज, "जरा लवकर चला ना भाऊ, खड्डे नंतर मोजू." आणि पुढं ड्रायव्हरशेजारी सुगत.

दवाखान्यात सुई, नळी, बाटली उलटी टांगलेली. सलाईन.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, गोठलेल्या इन्सुलिनचा जोर जातो, ते मग साध्या पाण्यासारखंच. आणि तोंडाचा वास आंब्याचा नव्हे. शरीराला साखर वापरता आली नाही की ते अंगातली चरबी जाळायला लागतं, त्याचा असा फळासारखा वास येतो. एवढा वास सुटेपर्यंत कुणी आणलं का नाही हिला?

मधुमेह मित्र कॉटभोवती उभे होते. योगिनीच्या अंगात गटाचा टी-शर्ट होता. तिनं हाताची घडी घातली, छातीवरचं नाव झाकलं जाईल अशी.

*

दिनकरराव संध्याकाळी होस्टेलवर गेले, तिथून दवाखान्यात आले. पाथरीहून जीप करून, पेटी न्यायची म्हणून. धोतराला रस्त्याची धूळ, हातात टोपी. ते पायथ्याशी उभे राहिले, मागच्या वर्षी उभे होते तिथंच, आणि आधी सलाईनकडं पाहिलं.

"गूळ कुठं भेटला तुला?"

"खाल्ला न्हाई, अण्णा."

"काल तूच म्हणालीस."

"काल मला तसं वाटलं होतं."

"काका," सुगत पुढं आला. "गलती माझी हाय."

त्यानं सांगितलं. फ्रीज जळाला तिथून. आडपडदा न ठेवता. फ्रीझर, ज्वारी, आदल्या दिवशी बाहेर काढायची रीत, सगळं. सांगताना तो दिनकररावांच्या टोपीकडं बघत होता.

"तू कुठला?"

"जिंतूरकडचा."

"काय शिकायलास?"

"बियाणं."

दिनकररावांनी ते थोडा वेळ तोंडात घोळवलं. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ही म्हणायची, गटातले राखण करत्यात माझी," ते शांतपणे म्हणाले. "तुमी इतके जण. शिकलेले. घरी आमी दोघंच हाव, ही अन् मी. घरी असं एकदा बी झालं न्हाई." मग अर्पिताकडं वळून, "चल. बाटली संपली की निघायचं. खाली जीप उभी हाय."

ते खरं होतं. अथर्व कॉटच्या लोखंडी दांड्यावर नखानं रंग खरवडत होता.

अर्पिता वर बघत होती. बाटलीतून थेंब सुटत होते. प्रत्येक थेंब सुटायच्या आधी लांबट व्हायचा, विचार करायचा. तिला फार झोप येत होती. झोपली असती तर जागी होताना घरीच असती. आढं, कोनाडा, मोटारीचा आवाज. ती झोपेच्या काठापर्यंत गेली आणि तिथून बोलली, डोळे मिटूनच.

"अण्णा, घरी तुमी राखत नव्हता."

"काय?"

"तुमी विचारायचा. काय खाल्लंस, आकडा काय. रागवायचा. पण बाटली मी ठेवायचे. सुई मी भरायचे. चुकलं तर मला कळायचं, कारण सगळं माझ्याच हातात असायचं."

"म्हणून तर म्हणतो, घरी..."

"इथं मी ते दुसऱ्याच्या हातात दिलं. एकानं बाटली बघायची, एकीनं जेवण बघायचं, एकानं हसवायचं. मला लय बरं वाटलं, अण्णा. आठवीपासून पहिल्यांदा हात मोकळे झाले." तिनं डोळे उघडले. "त्यांनी जिवापाड केलं. पण मी एकदा बी जाऊन बघितलं न्हाई कुठं ठेवलंय ते. आकडा चढला तर मी बाटलीवर शंका घेतली न्हाई, स्वतःवर घेतली. सुगतची गलती त्याची त्यानं सांगितली. ही माझी हाय. ती मला इथंच नीट करू द्या."

"अन् परत झालं तर?"

"होऊ शकतं."

हे उत्तर त्यांना नको होतं. होणार नाही, शपथ, अशा एखाद्या शब्दाची ते वाट बघत होते. तो आला असता तर, पोर अजून पोरच आहे म्हणून, त्यांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं असतं.

"आता घरी नेलं," ती म्हणाली, "तर तुमी सगळं करायला बसाल. मग मी परत मोकळी. मग मी परत स्वप्नातच."

दिनकररावांनी टोपी डोक्यावर घातली. काढली. पुन्हा घातली, आणि बाहेर गेले.

*

खिडकी रस्त्यावर होती. फळांच्या गाड्या, ऑटो, लग्नाच्या वरातीतला दूरचा बँड. ऊन उतरलं होतं आणि भिंतीवर गुळवणीच्या रंगाचा एक चौकोन पडला होता. अर्पिता त्या चौकोनात जाऊन येत राहिली. मध्येच खालून एक आवाज आला, लांबवलेला, तालात.

"पाथरी, पाथरी, चला पाथरी."

तिला वाटलं, आपल्याला घेऊन चाललेत. तिनं पाय हलवून पाहिले. कॉटवरच होते.

दिनकरराव आत आले. हातात पाण्याची बाटली.

"जीपवाल्याला म्हणलं, सीटा भर अन् जा. त्याला गिऱ्हाईक भेटायलं."

"अन् तुमी?"

"सकाळी जाईन येष्टीनं." ते बाकावर बसले. मग सुगतकडं न बघता त्याला म्हणाले, "तू बी बस. उभं राहून काय व्हनार हाय."

सुगत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली.

*

थोड्या वेळानं अर्पितानं आपलं यंत्र मागितलं. सिस्टर म्हणाल्या, आमी बघतोच की तासातासाला. ती म्हणाली, मला पण बघायचंय.

डाव्या हातात सलाईनची नळी होती, त्या हाताचं रक्त घ्यायचं नव्हतं आणि तो हलवायचाही नव्हता, म्हणून उजव्याच हाताच्या बोटाला त्याच हातानं टोचायचं होतं. अवघड होतं. योगिनी पुढं सरकली आणि अर्पितानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. योगिनी परत मागं झाली, भिंतीपर्यंत. अंगठ्यानं सुई दाबली. थेंब आला. तिनं तो पट्टीला लावला आणि यंत्र छातीशी धरलं, पत्ते धरतात तसं.

सगळे बघत होते. बाकावरचे दोघं, दाराशी अथर्व, भिंतीशी योगिनी.

आकडा आला. तिनं तो पाहिला.

"किती?" योगिनीनं विचारलं. सवयीनंच, बिचारीनं.

"उतरायलाय."

"अगं पण किती आला?"

"विचारू नका तिला," दिनकरराव म्हणाले. "सांगायचं असलं तर सांगंल."

अर्पितानं यंत्र उशीखाली ठेवलं, त्यावर आपलं डोकं ठेवलं, आणि कुशीवर वळून झोपली.